भुयाराची आवई

पुण्याहून सोलापूरकडे निघालं की भिगवणनंतर पळसदेव लागतं, मग लोणी देवकर आणि पुढे इंदापूर. डाव्या अंगाला उजनीचा फुगवटा, उजव्या अंगाला माळ, आणि लोणी देवकरला आता एमआयडीसी. पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. वर काळी किंवा बरड माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. या पट्ट्यात नव्या घराचा किंवा रस्त्याचा पाया खणताना यंत्राचा दात एखाद्या पोकळीत गेला, तर भोवती जमलेली माणसं लगेच म्हणतात, भुयार लागलं. कुणी त्या भुयाराचं दुसरं तोंड जवळच्या गढीत काढतं, कुणी नदीकाठच्या देवळात, आणि उत्साह फारच असला तर थेट एखाद्या किल्ल्यावर. पोकळी बहुतेक वेळा पेवाची असते, म्हणजे ज्वारी साठवायच्या खड्ड्याची. पण पेव म्हटलं की गोष्ट तिथेच आटपते, भुयार म्हटलं की सुरू होते. या आवईमागे एक खरा इतिहास दडलेला आहे. काल्पनिक भुयारं रचणाऱ्यांना तो आवईपेक्षा जास्त उपयोगी पडेल, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

काल्पनिक भुयारं रचणारे आज बरेच आहेत. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, एकाने जागा आणि प्रसंग सांगायचे, बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या तोंडून काय करायचं ते ठरवायचं आणि जमलं की फसलं याचा निकाल फाशांवर सोपवायचा, असा हा खेळ. त्याचं मूळ रूप म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो १९७४ मध्ये अमेरिकेत छापला गेला, पहिल्या खेपेला फक्त एक हजार प्रती. त्याआधी आर्नेसनने आपल्या ‘ब्लॅकमूर’ या कल्पित किल्ल्याच्या पोटात खेळाडूंना उतरवलं होतं आणि गायगॅक्सने ‘ग्रेहॉक’च्या. तिथून ‘डंजन’ ही या खेळाची ठरलेली जागा झाली. खोलीमागून खोली, दारामागे राक्षस, राक्षसामागे खजिना. पण पहिल्या दहा वर्षांतच खेळणाऱ्यांना एक शंका सतावू लागली. ट्रेसी हिकमन या लेखकाला एका खेळात असाच वाटेत एक रक्तपिपासू भेटला आणि त्याच्या मनात आलं, हा इथे करतोय काय? त्या प्रश्नातून त्याने आणि लॉरा हिकमनने ‘रेव्हनलॉफ्ट’ रचलं. ते १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि आजही या क्षेत्रातल्या नावाजलेल्या रचनांत मोजलं जातं. तिथे रक्तपिपासू हा किल्ल्याचा मालकच आहे, त्यामुळे तो तिथे काय करतो हे विचारावं लागत नाही.

‘डंजन’ हा शब्दही मूळचा अंधारातला नाही. जुन्या फ्रेंचमध्ये ‘दोंजों’ म्हणजे किल्ल्याचा सर्वांत उंच, मालकाच्या राहण्याचा बुरूज. आपल्याकडच्या बालेकिल्ल्याचा चुलतभाऊ म्हणा. कैदी तिथेच ठेवले जात, आणि बोलता बोलता हे नाव वरच्या मजल्यावरून घसरत तळघरात गेलं. मराठीत मात्र या सगळ्याला मिळून एक शब्द कधी झालाच नाही. मराठीत पेव आहे, बळद आहे, टाकं आहे, तळघर आहे, भुयार आहे, अंधारकोठडी आहे, चोरदिंडी आहे, पाण्याचा नळ आणि त्याचे उच्छ्वास आहेत, बारव आणि बाव आहे. पेवात धान्य, बळदात घरातलं धान्य आणि वेळ आली तर दागिने, टाक्यात पाणी, चोरदिंडीतून रातोरात निघून जाणारी माणसं. प्रत्येक शब्दाला त्याचं काम चिकटलेलं आहे. भाषेने जमिनीखालच्या जागा कामावरून वेगवेगळ्या ओळखल्या, त्याअर्थी खणणाऱ्यांनीही त्या कामासाठीच खणल्या असणार. खोदकाम महाग असतं, आणि हौस म्हणून कुणी मुरूम फोडत बसत नाही.

पेवाचंच बघा. तोंड लहान, माणूस अंग चोरून जेमतेम उतरेल एवढं. पोट मोठं, घागरीसारखं फुगलेलं. खणायचं ते गावठाणातल्या उंचवट्यावर, जिथे पावसाचं पाणी थांबत नाही आणि खालचा थर घट्ट असतो. आतून जाळ करून भिंती वाळवायच्या, तळाला आणि कडेने कडब्याचा किंवा पाचटाचा जाड थर द्यायचा, उन्हात कडक वाळवलेली ज्वारी ओतायची, वरून पुन्हा कडबा, त्यावर दगड, त्यावर माती आणि शेणकाला. आत कोंडलेलं धान्य श्वास घेत राहतं. हवेतला प्राणवायू संपतो, कर्बवायू साठतो, आणि किडे गुदमरून मरतात. ना औषध, ना फवारणी. ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. पण सोंडकिड्याला मारणारी हवा माणसालाही सोडत नाही. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. तोंड मोकळं ठेवायचं, हवा खेळू द्यायची, मग दोरीला कंदील बांधून हळूहळू खाली सोडायचा. ज्योत मंदावली किंवा विझली की थांबायचं. घाईने उतरलेला माणूस तळाशी कोसळायचा, त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहायचा. ‘डंजन’ रचणारे लोक सापळे लावतात, दाराला विषारी सुया, जमिनीत दडवलेले भाले. पेवात सापळा म्हणून कुणी काही केलेलं नाही. धान्य राखायची जी युक्ती, तिचीच ती दुसरी बाजू आहे, आणि ती दोरीच्या टोकाला विझणाऱ्या ज्योतीत दिसते.

हे खड्डे या पट्ट्यात का होते तेही सरळ आहे. एखाद्या वर्षी ज्वारी मोप, पुढची दोन वर्षं कोरडी. शिवाय वाटेवरचा मुलूख. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजा आणि पेंढारी पुणे प्रांतात घुसले तेव्हा इंदापूर परगण्यातली उभी पिकं गेली, आणि १८०३-०४ चा दुष्काळ त्याच्या पाठोपाठ आला. अशा मुलखात घरातली कणगी म्हणजे लुटारूला आवतण. जमिनीखालचं धान्य मात्र दिसत नाही, जळत नाही, आणि कुठे पुरलंय हे सांगणारं तोंड गप्प राहिलं तर सापडतही नाही. मोठमोठ्या पेवांचं उदाहरण आणखी दक्षिणेला, सांगलीजवळच्या हरिपुरात आहे. तिथल्या पेवांत हळद साठवत. सांगलीच्या हळद बाजाराची मदार कित्येक वर्षं या खड्ड्यांवर होती, आणि २००५ च्या महापुरात पाणी शिरून त्यांतली कितीतरी निकामी झाली. पेवाचा खरा वैरी पाणी. तलवार, दरोडा यांच्यापासून ते धान्य राखतं, ओलीपुढे त्याचं काही चालत नाही.

इंदापूर-बारामतीकडे हा वैरी कालव्याच्या रूपाने आला असावा, असं मला वाटतं. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा सुरू झाला, बारामती भागात ऊस आला, आणि जमिनीखालचं पाणी वर चढायला लागलं. नीरा खोऱ्यातल्या खारवट झालेल्या जमिनींवर हॅरल्ड मान आणि ताम्हणे यांचा अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे पंचवीस-तीस वर्षांत हा प्रश्न सरकारी शेतीतज्ज्ञांपर्यंत पोचण्याएवढा मोठा झाला होता. जिथे शेतच चोपण होतंय तिथे गावठाणातला खड्डा कोरडा कसा राहणार? भीमेच्या बाजूला, लोणी देवकरच्या अंगाला, कारण वेगळं होतं. १८५८ मध्ये पुण्याहून रेल्वे दिकसळपर्यंत आली आणि पुढच्या वर्षी आणखी पूर्वेला सरकली. दाणा गाडीत घालून मुंबईला विकता यायला लागला तेव्हा तो पाच वर्षं पुरून ठेवण्यात शहाणपण उरलं नाही. मग १८७६-७८ चा मोठा दुष्काळ आला, पुढे गोदामं आली, रेशन आलं. पेवं ओस पडली, बुजली, त्यांच्यावर घरं झाली. भाषेत मात्र पेव अजून रोज फुटतं, कधी क्लासेसचं, कधी पतसंस्थांचं. फुटतं म्हणजे नेमकं काय होतं, हे आज बोलणाऱ्यांपैकी किती जण सांगू शकतील?

माझ्या मते भुयाराची आवई या विसरण्यातूनच उठते. काम करणारी पिढी असते तोवर पेवाला कुणी भीत नाही. कंदील सोडायचा, तास-दोन तास थांबायचं, खाली उतरायचं, ज्वारी भरायची, आणि पुढच्या पेवाला पुन्हा तेच. काम थांबतं, मग कामाची आठवण जाते, आणि पोकळी तेवढी उरते. रिकाम्या पोकळीला लोक रिकामं राहू देत नाहीत. तिच्यात नाग बसतो, हंडा येतो, राजाची पळवाट येते. गढीचंही तेच. पांढऱ्या मातीचे तिचे जाड तट दर पावसाळ्यात थोडेथोडे ढासळतात, आतलं एखादं बळद उघडं पडतं, आणि ते भुयाराचं तोंड ठरतं. इंदापूरला मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. शिवाजी महाराजांच्या आजोबांचं नाव जिथे जोडलेलं आहे तिथे लोकांची कल्पनाशक्ती धान्यकोठीवर समाधान मानेल, ही अपेक्षाच चूक.

यावर पहिला आक्षेप असा येईल की सगळीच भुयारं आवया नाहीत. देवगिरीची अंधारी आहे, पन्हाळ्याची अंधार बाव आहे, गडोगडी चोरवाटा आहेत. आहेतच, आणि त्यांची मोजमापं माझ्या बाजूने बोलतात. देवगिरीच्या डोंगराचा कडा तासून उभा केलेला, भोवती कातळात खोदलेला खंदक, तो ओलांडायला एकच अरुंद वाट, आणि मग अंधारी. कातळातला वळणावळणाचा, चढता, उंचसखल पायऱ्यांचा बोगदा. त्याच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झडप टाकून तिच्यावर विस्तव पेटवायचा आणि धुराने आत शिरलेल्यांना कोंडायचं, अशी सोय. त्याची लांबी कोसांत मोजायची नाही, पावलांत मोजायची. अंधारी पळून जायला केलेली नाही, वर येणाऱ्याला अडवायला केलेली आहे, आणि तिच्यातली प्रत्येक वाकडी पायरी त्याच कामाला जुंपलेली आहे. पन्हाळ्याची अंधार बाव तीन मजल्यांची. तळाला विहीर, मधल्या मजल्यातून तटाबाहेर पडायची वाट, वर पहाऱ्याची जागा. वेढ्यात गडावरचं पाणी कुणी नासवू नये आणि अगदीच निकराची वेळ आली तर बाहेर पडता यावं, ही दोन कामं एकाच इमारतीत बसवलेली. बाहेर पडायची वाट आहे, पण ती तटापलीकडे जाते, दुसऱ्या गडावर नाही.

गडांच्या चोरवाटांबद्दल १७१६ च्या सुमाराला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात जे लिहिलंय ते ‘डंजन’ रचणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. गड बांधण्याआधी पाणी बघा, नसेल तर कातळ फोडून टाकी करा, एखाद्या झऱ्याच्या भरवशावर राहू नका. आणि एकच दरवाजा असणं हा किल्ल्याचा दोष, म्हणून जादा दरवाजे आणि चोरदिंड्या करून ठेवा, पण रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाका. म्हणजे चोरवाट एरवी बंद असते, चुन्यादगडाने बुजवलेली, पहारेकऱ्याच्या रोजच्या नजरेतली एक साधी भिंत. गुप्त खटका नाही, फिरणारा पुतळा नाही. संकट आलं की पहार घ्यायची आणि फोडायची. या एका सूचनेत रोजची शिस्त, फितुरीची भीती आणि अडचणीच्या दिवसाची तरतूद असं सगळं आलं. खटका दाबून सरकणाऱ्या भिंतीपेक्षा मला ही चिणलेली दिंडी जास्त थरारक वाटते, कारण ती फोडताना आवाज होणार आणि वेळ लागणार.

आता लांब भुयार का शक्य नाही, याचा एक साधा हिशेब. एक मीटर रुंद आणि दोन मीटर उंच भुयार दहा किलोमीटर न्यायचं म्हटलं तर वीस हजार घनमीटर माती-मुरूम-दगड बाहेर येतो. बैलगाडीत अर्धा घनमीटर धरला तर चाळीस हजार गाड्या. त्या कुठे रिकाम्या केल्या? एवढा ढीग गावातल्या कुणाला दिसला नाही? शिवाय आत हवा लागते, दिव्याला आणि माणसालाही. त्यासाठी ठिकठिकाणी वर उघडणारी तोंडं ठेवावी लागतात. तोंडं ठेवली की गुपित संपलं. पाणी झिरपतं, त्याचा उतार काढावा लागतो. लांब आणि गुप्त या दोन गोष्टी एका भुयारात नांदत नाहीत.

लांब भुयारं महाराष्ट्रात आहेत, आणि ती पाण्याची आहेत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमाराला, कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळ बांधला गेला, आठ-नऊ किलोमीटरचा, माणूस आत शिरून साफसफाई करू शकेल एवढा. वाटेत जागोजागी उच्छ्वास, हवा खेळायला आणि गाळ काढायला. शहरात काळ्या हौदासारखे हौद, तिथून पेठांतल्या लोकांनी पाणी भरायचं. त्याच्याही आधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, मलिक अंबरने वसवलेल्या खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहरींचं असंच जाळं घातलं गेलं. वर लिहिलेला हिशेब या कामांना चुकलेला नाही. त्यांची माती निघाली, त्यांना तोंडं ठेवावी लागली, मजूर दिवसाढवळ्या राबले, आणि कुणी काही लपवलं नाही, कारण लपवायचं काही नव्हतं. नळ बंद पडले, उच्छ्वासांवर घरं-दुकानं झाली, आणि मग एखाद्या खोदकामात दगडी कमान लागली की पुण्यातही तेच ऐकू येतं. हे शनिवारवाड्यातून थेट पर्वतीला निघतं म्हणे. पाण्याच्या वाटेवर लोक पेशव्यांना पळवतात. एका अर्थी आवई तितकी खोटीही नाही. भुयार खरंच होतं, लांब होतं, वाड्याला जोडलेलं होतं. हरवलं फक्त त्याचं काम.

दुसरा आक्षेप जास्त रोकडा आहे. हा अद्भुताचा खेळ, यात अजगर बोलतात आणि मंत्राने भिंती उभ्या राहतात. तिथे उच्छ्वासांचा आणि बैलगाड्यांचा हिशेब कोण मागतो? मागत नाही हे खरं, पण खेळणाऱ्यांना तर्क चालवायला काहीतरी लागतं. उंदरांचं उदाहरण घ्या. या खेळात नवख्या पात्रांची पहिली लढाई मोठमोठ्या उंदरांशी, हा चेष्टेचा विषय आहे. आता इब्न बतूता वाचा. हा मोरोक्कोचा प्रवासी १३४२ च्या सुमाराला दौलताबादेत, म्हणजे वर आलेल्या देवगिरीतच होता. किल्ल्यात गंभीर गुन्ह्यांचे कैदी खड्ड्यांत ठेवतात आणि तिथले उंदीर मांजरांपेक्षा मोठे आहेत, मांजरंच त्यांच्यापुढे पळतात, असं तो लिहितो. मलिक खत्ताब नावाच्या अफगाण सरदाराने त्याला आपली हकिगत सांगितली. त्याला उंदरांच्या विवरात टाकलं होतं, रात्री उंदीर अंगावर यायचे आणि तो झुंजत राहायचा. शेजारच्या खड्ड्यातला आजारी कैदी उंदरांनी खाल्ला, तेव्हा सुलतानाने खत्ताबला बाहेर काढवलं. प्रवाशाने आकार फुगवला असेल. पण प्रचंड धान्यसाठ्याच्या किल्ल्यात उंदीर असणार, आणि खड्ड्यात बांधलेल्या माणसावर ते तुटून पडणार, यात मंत्रतंत्र कुठेच लागत नाही. खेळात उंदीर दाखवा, खुशाल दाखवा. मात्र उंदीर दिसल्यावर एखाद्या खेळाडूने म्हणावं की जवळच कुठेतरी कोठार असणार, आणि खरंच असावं. जागा खरी वाटते ती अशी, खेळणाऱ्याचा अंदाज बरोबर निघतो तेव्हा. अजगर बोलतो की नाही याच्याशी तिचा संबंध नाही.

त्याच किल्ल्यात साडेतीनशे वर्षांनी गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन कैदेत होता, निळ्या नक्षीच्या चिनी महालात. एकच किल्ला, एकाला उंदीर आणि एकाला महाल. रायगडासमोरच्या लिंगाण्यात कातळातल्या गुहा कैद्यांसाठी वापरल्या गेल्या. तिथे दारावर कडी लावायचीही गरज नसावी, बाहेर पाऊल टाकलं की कडाच. कैद कुठे आणि कशी, हे गुन्ह्याइतकंच माणसाच्या दर्जावर ठरायचं. कल्पित किल्ल्यांत मात्र राजपुत्र आणि खिसेकापू एकाच साखळीला बांधलेले सापडतात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. सगळ्याच जागा उपयोगासाठी खोदलेल्या नसतात. वेरूळचं कैलास लेणं धान्य ठेवायला खोदलं नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णाच्या काळात डोंगर वरून खाली कोरत जाण्याचा तो खटाटोप भक्तीचा आणि वैभवाचा होता. कामावरच सगळं बेतलं तर गूढ मरतं, असं कुणी म्हणेल. पण पूजा हेही काम आहे आणि त्याच्याही खुणा राहतात. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. त्यांच्याशेजारी पाण्याची टाकी, निजायचे ओटे, आणि भिंतींवर शिलालेख, कुणी लेणं दिलं आणि कुणी ‘पोढी’, म्हणजे टाकं, खोदवलं त्याचे. ध्यानासाठी डोंगरात गेलेल्या भिक्खूलाही तहान लागत होती आणि ती भागवण्याचं पुण्य एखादा व्यापारी आपल्या नावावर करून घेत होता. जुन्नरजवळ लेण्याद्रीला बौद्ध विहारात अष्टविनायकांतला गिरिजात्मज बसला. भोवतीच्या भिक्खूंच्या खोल्या अजून तशाच आहेत. गूढ या थरांत असतं. ज्याने खोल्या कोरल्या त्याच्या मनात गणपती नव्हता, आणि आज दर्शनाला चढणाऱ्याच्या मनात भिक्खू नसतो. खेळातलं ‘डंजन’ असं रचलं, की आधी कुणी पाण्यासाठी खोदलं, मग कुणी देव बसवला, मग कुणी कैदी कोंडले आणि शेवटी कुणी राक्षस येऊन राहिला, तर राक्षसाच्या खोलीत सापडलेली दिव्याची देवळी स्वतःच गोष्ट सांगायला लागते. एकाच मालकाने एका बैठकीत आखलेला नकाशा कितीही गुंतागुंतीचा केला तरी सपाट राहतो.

लोणी देवकरच्या शेजारी, उजनीच्या पाण्यात, अशा थरांचा एक नमुना आहे. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, भीमाकाठची गावं उठली, आणि जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की ते दिसायला लागतं. आधी शिखर, दुष्काळी साल असलं तर पुढे सभामंडप, मग कोरडा गाळ तुडवत थेट गाभाऱ्यापर्यंत जाता येतं. ही जागा कुणी गुप्त केलेली नाही. सिंचनाच्या हिशेबात ती पाण्याखाली जाते आणि पाणी वापरलं की वर येते. दार कुठल्या महिन्यात उघडेल हे धरणाच्या पातळीवर ठरतं आणि पाऊस आला की ते मिटतं. ‘डंजन’ रचणाऱ्याला याहून चांगलं कुलूप सुचेल असं वाटत नाही. आणि वर्तमानपत्रात देवळाचे फोटो आले की पाठोपाठ त्याच्या भुयाराची चौकशी करणारेही येतातच.

मराठी मुलांना हा खेळ तसा नवा नाही. दिवाळीत अंगणात नाहीतर इमारतीच्या कोपऱ्यात दगडविटा रचून, वर पोतं टाकून, चिखलाने लिंपून किल्ला होतो. मोहरी-आळीव पेरून जंगल, शिखरावर महाराज, पायथ्याला मावळे, आणि एका बाजूने दुसऱ्या बाजूला आरपार भुयार. हाताने कोरलेलं भुयार ओल्या मातीत तासाभरात बसतं. मग कुणीतरी घरातून प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा आणून आत घालतं, तोंडाशी एक मावळा उभा करतं, आणि ही गुप्त वाट असल्याचं बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतं. किल्ल्यावर एक तळं केलेलं असतं, त्यात सारखं पाणी घालावं लागतं, आणि ते काठावरून ओघळून तट धुऊन नेतं. तिसऱ्या दिवशी मावळा बाजूला काढून ठेवलेला असतो, आणि तळ्याचं जास्तीचं पाणी त्या पाइपातून पायथ्याशी उतरवलेलं असतं.